चार्टर शाळेची सहल: पालकांनीही यायचं म्हणे! (कॅलिफोर्निया)

शेवगा | ९ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. आम्ही ऑगस्टात पिंपळे सौदागरहून फ्रीमाँटला आलो. थोरली चौथीत, धाकटा पाच वर्षांचा, आणि डिसेंबरात सासूबाई सहा महिन्यांसाठी येतायत. थोरलीचं नेहमीच्या शाळेत काही जमेना, पहिल्या महिन्यातच रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. शेवटी शेजारच्या तमिळ ताईंचं ऐकून तिला एका चार्टर शाळेत घातलं. ही शाळा म्हणजे इमारत नव्हे. अभ्यास घरी मी घेते, शाळेच्या एक बाई महिन्याभराने भेटून वह्या बघतात, चार नमुने घेऊन जातात. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे शाळेत घातलंच नाहीस की!"

असो. परवा शाळेकडून पन्नासेक पानांची पालक-माहितीपुस्तिका आली. त्यात सहलींची लांबलचक यादी आहे. आन्यो न्युएव्होचे सील, माँटेरेचं मत्स्यालय, कोलोमाची सोन्याची जागा. वाचून पोरगी उड्या मारतेय. पण बारीक अक्षरांत लिहिलंय की बस नाही, प्रत्येकाने आपापल्या गाडीने यायचं, आणि मुलासोबत पालक पूर्ण वेळ हवा. मुलाला सोडून जायचं नाही.

मला सहल म्हटलं की पहाटे पाचची लाल एसटी, खिडकीच्या जागेवरून भांडण आणि आईने दिलेले तिखटमिठाच्या पुऱ्यांचे डबे आठवतात. आईबाप बरोबर असतील तर ती सहल कसली? शिवाय हे फुकट असतं का? धाकट्याला आणि सासूबाईंना नेता येतं का? नाव नोंदवून ऐनवेळी जमलं नाही तर? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

दुपारचीझोप | ९ ऑक्टोबर

तिखटमिठाच्या पुऱ्या म्हणालात, आता माझं कामात लक्ष लागणार नाही.

गवतीचहा | ९ ऑक्टोबर

शेवगा, सहावं वर्ष आहे आमचं अशा शाळेत (सॅन होजे, दोन मुली), त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी शाळा म्हणजे काय ते. चार्टर शाळा ही सरकारी पैशावर चालणारी सार्वजनिक शाळाच. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत. फरक इतकाच की ती स्थानिक डिस्ट्रिक्ट (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा बघणारी संस्था) स्वतः चालवत नाही. एक सनद घेऊन वेगळं मंडळ चालवतं आणि डिस्ट्रिक्ट किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) तिच्यावर नजर ठेवते. बहुतेक चार्टर शाळांना इमारत, वर्ग, घंटा सगळं असतं. तुमची-आमची आहे ती 'इंडिपेंडंट स्टडी'वाली, वर्गाबाहेरची. तुम्ही वर्षाच्या सुरुवातीला 'मास्टर अ‍ॅग्रीमेंट'वर सही केली असेल, आठवतंय? त्यात सगळं लिहिलेलं असतं: किती दिवसांनी भेट, कोणता अभ्यास, कोण जबाबदार. तो कागद फाइलला लावून टाकू नका, एकदा चहा घेऊन बसा आणि वाचा.

शाळेला राज्याकडून पैसे मिळतात ते हजेरीवर. आपल्या प्रकारात मूल बाकावर बसत नाही, म्हणून केलेल्या अभ्यासावरून हजेरी लागते. बाई वह्यांचे नमुने नेतात ते त्यासाठीच. उगाच कटकट करत नाहीत त्या.

आता सहली. पालक का हवा, तर मुलांना दिवसभर सांभाळण्याची जबाबदारी या शाळांमध्ये शिक्षकावर नसतेच. वर्गच नाही तर वर्गशिक्षक कुठून येणार? सहलीच्या ठिकाणी शाळेची एक बाई फाटकाशी क्लिपबोर्ड घेऊन उभी असते, नावावर टिक करते, गट पाडून देते. तिच्यासमोर तीस मुलं आणि चाळीस मोठी माणसं. मुलं म्हणजे सहा वर्षांच्यापासून तेरापर्यंत सगळी, इयत्तांची खिचडी. पहिल्यांदा मलाही लग्नाच्या वऱ्हाडात चुकून घुसल्यासारखं वाटलं होतं.

पैशाचं: शाळेत नाव असलेल्या मुलाकडून शैक्षणिक कार्यक्रमासाठी फी घ्यायची नाही असा कॅलिफोर्नियाचा नियम आहे आणि तो चार्टर शाळांनाही लागू आहे. पैसे नाहीत म्हणून मुलाला सहलीतून वगळता येत नाही. थोरलीचं तिकीट शाळा काढेल. आमच्याकडे ते मुलीच्या वार्षिक 'फंडा'तून वळतं होतं. हा फंड तुमच्या हातात कधी येत नाही, शाळा परस्पर पुस्तकवाल्याला, क्लासवाल्याला देते. तुमचं, धाकट्याचं, सासूबाईंचं तिकीट तुम्ही काढायचं. भावंडांना आमच्याकडे घेतात, पण काही जागी वयाची किंवा संख्येची अट असते. यादीत प्रत्येक सहलीखाली बघा.

गैरहजेरी: दंड नाही, पण न कळवता दोनदा दांडी मारली की आमच्या शाळेत पुढचे दोन महिने नोंदणी बंद. हे मी स्वतः भोगलंय. एकदा ताप, एकदा कॅलेंडरचा घोळ. बाईंना तापाचं ईमेल केलं होतं, ते त्यांच्या स्पॅममध्ये. असो.

मोडीलिपी | ९ ऑक्टोबर

गवतीचहा यांच्यात थोडी भर. अमेरिकेतला पहिला चार्टर कायदा मिनेसोटाचा, १९९१. कॅलिफोर्निया दुसरं राज्य, १९९२. मूळ कल्पना अशी की शिक्षकांना प्रयोग करायला मोकळीक द्यायची आणि बदल्यात निकालाची हमी घ्यायची. सनद ठरावीक वर्षांची, काम नीट झालं नाही तर नूतनीकरण नाही.

शेवगा, एक महत्त्वाचं. या वर्गाबाहेरच्या शाळांना फक्त आपल्या काउंटीतल्या आणि तिला लागून असलेल्या काउंट्यांतल्या मुलांचे पैसे मिळतात. घर बदलायचा विचार असेल तर आधी नकाशा बघा. आमच्या ओळखीचे लोक ट्रेसीहून पार सॅक्रामेंटोच्या पलीकडे गेले आणि वर्षाच्या मधेच शाळा सुटली.

उत्तरेचावारा | ९ ऑक्टोबर

मिनियापोलिसहून राम राम. पहिली चार्टर शाळा आमच्या शेजारच्या सेंट पॉलमध्ये १९९२ साली उघडली, एवढा मान आम्हाला द्या! पण इकडे चार्टर म्हटलं की चारचौघांसारखी शाळा. माझा मुलगा चार्टरमध्येच आहे. पिवळी बस येते, सहलीलाही तीच बस, आणि दर पाच-सहा मुलांमागे एक स्वयंसेवक पालक. मी एकदा गेलो होतो. मोजणी करता करता दिवस संपला. एक, दोन, तीन, चार, पाच... सहावा कुठाय? सहावा माझाच मुलगा.

खडूफळा | १० ऑक्टोबर

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. हा धागा वाचून हेवा आणि हसू दोन्ही आलं. आमच्याकडे सहल काढायची म्हणजे पालकांचं संमतिपत्र, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, मुलींसाठी शिक्षिका सोबत, प्रथमोपचार पेटी, आणि एसटीच्या आगारात खेपा. एसटी शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत देते, म्हणून तर खेड्यातल्या पोरांना रायगड बघायला मिळतो. २०१६ साली मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची मुलं बुडाली, तेव्हापासून पाण्याच्या जागा म्हटलं की वरून कपाळाला आठ्या. चूक नाही त्यांची. रात्री बस परत येईपर्यंत आम्हा शिक्षकांच्या घशाखाली घास उतरत नाही. पालकच सोबत येणार असतील तर मी रोज सहल काढीन!

सरळरेघ | १० ऑक्टोबर

मी इथे डिस्ट्रिक्टच्या शाळेत चौथी शिकवते, त्यामुळे दुसरी बाजूही मांडते. राग मानू नये.

माझ्या वर्गात सव्वीस मुलं आहेत. वर्षाला एक सहल, तीसुद्धा बसचे पैसे पालक-शिक्षक संघाने बेकसेल करून, म्हणजे घरी केलेले खाऊचे पदार्थ विकून, जमवले तर. आणि तुमच्या यादीत बारा सहली. ज्यांच्याकडे दिवसा मोकळा असलेला एक पालक आणि एक गाडी आहे त्यांनाच त्या बारा सहली मिळतात ना? माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचे आईवडील दोन-दोन नोकऱ्या करतात. शाळा 'सर्वांना खुली' हे कागदावर खरं, पण मंगळवारी सकाळी दहा वाजता हाफ मून बेच्या पलीकडे कोण पोचू शकतं?

शिवाय या प्रकारच्या शाळांमध्ये घोटाळेही झालेत. २०१९ मध्ये सॅन डिएगोत मोठा खटला उभा राहिला, शाळेत न शिकणाऱ्या मुलांच्या नावावर कोट्यवधी डॉलर उचलल्याचा. त्याच वर्षी फंडातून डिस्नेलँडची तिकिटं निघतात अशा बातम्या आल्या. त्यानंतर राज्याने २०२० पासून नव्या वर्गाबाहेरच्या चार्टरना परवानगी देणं थांबवलं.

गवतीचहा | १० ऑक्टोबर

सरळरेघ, राग कशाला, बरोबरच आहे तुमचं. गाडीचा आणि वेळेचा मुद्दा तर शंभर टक्के मान्य. माझी नोकरी मी सोडली तेव्हा हे जमलं, तो पगार कुठल्याच फंडातून आला नाही. पण घोटाळेबाजांमुळे आमच्यासारख्यांकडे बघण्याची नजर बदलते त्याचं वाईट वाटतं. माझ्या धाकटीला वर्गातला आवाज सहन होत नाही. ती आज वाचते-लिहिते ती या व्यवस्थेमुळे. डिस्नेलँड आम्हाला कधी मिळालं नाही. मिळाली ती सूक्ष्मदर्शक आणि गणिताची पुस्तकं.

मोडीलिपी | १० ऑक्टोबर

सरळरेघ, तुमच्या सव्वीस मुलांसाठी: चौथीतल्या प्रत्येक मुलाला राष्ट्रीय उद्यानांचा वर्षभराचा मोफत पास मिळतो, शाळा कुठलीही असो. गाडीतली कुटुंबातली माणसंही त्यात येतात. २०१५ मध्ये सुरू झालं, २०१९ ला कायदा झाला. सप्टेंबर ते ऑगस्ट चालतो. कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांचा चौथीसाठी वेगळा पास आहे. आणि गावच्या लायब्ररीत कार्डावर राज्य उद्यानाचा पार्किंग पास पुस्तकासारखा घरी नेता येतो, नंबर लावावा लागतो एवढंच. शेवगा, तुमचीही चौथीच, विसरू नका!

सरळरेघ | १० ऑक्टोबर

पास वाटतेच मी दर वर्षी. मुद्दा गाडीचा होता. पण लायब्ररीचं पालकांना सांगेन, धन्यवाद.

काळीमैना | ११ ऑक्टोबर

हा सगळा व्याप नको असेल तर शाळेत नाव न घालता स्वतःच 'प्रायव्हेट स्कूल अ‍ॅफिडेव्हिट' भरून घरी शिकवता येतं. दर वर्षी १ ते १५ ऑक्टोबरात ऑनलाइन भरायचं. आम्ही तेच करतो. फंड नाही, बाई नाही, वह्यांचे नमुने नाहीत. सहली आम्ही चार मराठी कुटुंबं मिळून काढतो.

त्यातली एक सांगते. सॅन फ्रान्सिस्कोत ५ वुड स्ट्रीटला गदर स्मारक आहे, इंग्रजांविरुद्ध उठाव करायला इथल्या भारतीयांनी काढलेल्या गदर पक्षाचं. गदर पक्षाचं पत्र १ नोव्हेंबर १९१३ ला याच शहरातून निघालं. त्या चळवळीत आपला तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे होता, अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला आलेला. परत गेला, मीरतच्या छावणीत पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभाबरोबर फाशी गेला. वय सत्तावीसच्या आसपास. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही याच मंडळींतले. मुलांना हे सांगताना माझाच आवाज जड झाला, पण माझ्या मुलाचा पहिला प्रश्न: "त्याचा व्हिसा कुठला होता?" घ्या!

एंजल आयलंडही करा. १९१० ते १९४० इथे बोटीने येणाऱ्यांना अडकवून ठेवत, बहुतेक चिनी, पण आपल्याकडचेही होते. बराकीच्या लाकडी भिंतींवर चिनी कैद्यांनी कोरलेल्या कविता अजून दिसतात. फेरीबोटीने जायचं, गाडी नेता येत नाही.

शेवगा | ११ ऑक्टोबर

बापरे, केवढी माहिती! सगळ्यांचे आभार. आन्यो न्युएव्होची नोंदणी केली, जानेवारीचा शेवटचा मंगळवार. थोरली शाळेच्या खात्यात, माझं आणि सासूबाईंचं तिकीट काढलं. धाकट्याला त्या दिवशी तमिळ ताई सांभाळतील. तीन मैल वाळूतून चालायचंय म्हणे, त्याला कडेवर घेऊन मला नाही जमणार. सासूबाई कास पठार चालून आल्यात गेल्या वर्षी, त्यांची काळजी नाही. काळजी माझीच आहे.

गवतीचहा | ११ ऑक्टोबर

दोन सूचना. ८४ नंबरचा ला होंडाचा रस्ता घेऊ नका, मॅप तो सुचवतो. ९२ ने हाफ मून बे गाठा आणि मग समुद्रकडेने खाली. आणि पाऊस असला तरी सील बघायची पायी फेरी रद्द होत नाही, पण छत्री चालत नाही, सील बिचकतात. रेनकोट घ्या.

दुपारचीझोप | १२ ऑक्टोबर

धागा वर काढतोय. पुऱ्यांची कृती कोणी देणार का?

शेवगा | ३० जानेवारी

जाऊन आलो! सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ला होंडाचाच रस्ता घेतला. गवतीचहा, तुमचं ऐकायला हवं होतं. जुना खंबाटकी परवडला. थोरलीला गाडी लागली, दोनदा थांबवायला लावली, दुसऱ्यांदा थांबेपर्यंत उशीर झाला. त्यात पाऊस. सासूबाईंनी मोठ्या विश्वासाने छत्री आणलेली, ती फाटकाशीच परत गाडीत ठेवायला लागली. रेनकोट दोनच. तर त्यांनी डिकीतली कचऱ्याची मोठी काळी पिशवी काढली, एका बाजूची शिवण दाताने उसवली, दुसरं टोक डोक्यावर खोचलं आणि झालं इरलं! साडीवर इरलं, पायात माझे स्पोर्ट्स शूज. शाळेच्या बाई क्लिपबोर्ड धरून बघतच राहिल्या, मग म्हणाल्या, मलाही एक करून द्या. शेवटी गटातली चार जणं इरल्यात होती. पिशव्या संपल्या.

सोबतीला उद्यानाचे एक वयस्कर स्वयंसेवक होते. त्यांनी सांगितलं की एकोणिसाव्या शतकात तेलासाठी हे हत्ती-सील इतके मारले की मेक्सिकोच्या एका बेटावर मूठभर उरले. तिथून हळूहळू वाढत १९५५ च्या सुमाराला इथल्या आन्यो न्युएव्होच्या बेटावर परत आले, १९६१ मध्ये पहिलं पिल्लू. आता टेकाडावरून खाली बघितलं की वाळूत शेकड्यांनी पसरलेले, उकळत्या पाण्याच्या हंड्यासारखे आवाज काढत. नर दोन टनांच्या वर. पंचवीस फुटांच्या आत जायचं नाही, पण एक आमच्या वाटेवरच आडवा पडलेला, त्यामुळे सगळ्या गटाला वळसा.

खरी मजा पुढे. स्वयंसेवक म्हणाले, मादी किनाऱ्यावर येऊन आठवड्याभरात विते, मग साधारण चार आठवडे पिल्लाला पाजते, आणि या सगळ्या काळात ती एक घास खात नाही. दुधात पन्नास टक्क्यांवर स्निग्धांश. मी हे सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्या दोन मिनिटं त्या मादीकडे बघत उभ्या. मग म्हणाल्या, "पन्नास टक्के? म्हशीला आठ लागत नाही धड. आणि बाळंतीण महिनाभर उपाशी! डिंकाचे लाडू कोण देणार गं हिला?" मला हसू आवरेना. स्वयंसेवकांनी विचारलं काय म्हणतायत, तर थोरलीने त्यांना डिंकाचा लाडू इंग्रजीत समजावून सांगितला. डिंक म्हणजे झाडाचा गोंद, हे ऐकून त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ऑगस्टात जी मुलगी वर्गात तोंड उघडत नव्हती, ती वीस अनोळखी माणसांसमोर बोलत होती. गोंद तळतात, फुलतो, खारीक घालतात, सगळं.

महिन्याच्या भेटीत तिने बाईंना लिखाणाचा नमुना दिलाय. विषय सील दिलेला. लिहिलंय इरल्यावर, चित्रासकट. बाईंनी खाली शेरा मारला: "हे कसं करतात त्याच्या पायऱ्या लिही."

खडूफळा | ३१ जानेवारी

तो नमुना मला पाठवा. माझी पोरं खरं इरलं रोज बघतात, पण त्यांनी त्यावर कधी एक ओळ लिहिली नाही. उद्याच लिहून घेतो.

सरळरेघ | ३१ जानेवारी

छान झालं. मुलगी बोलली हे वाचून बरं वाटलं. आमच्या वर्गाची यंदाची एक सहल माँटेरेला ठरलीय. कॅलिफोर्नियाच्या शाळांना मत्स्यालय मोफत आहे, नोंदणी केली की झालं. बसचे पैसे अजून थोडे कमी पडतायत. बेकसेल पुढच्या शुक्रवारी.

शेवगा | ३१ जानेवारी

सरळरेघ, बेकसेलला बाहेरच्या माणसाने काही करून आणलेलं चालतं का? सासूबाई विचारतायत. चार किलो म्हणाल्यात.

काळीमैना | १ फेब्रुवारी

एप्रिलात कोलोमा करतोय, जिथे २४ जानेवारी १८४८ ला मार्शल नावाच्या सुताराला पाण्याच्या चरात सोनं सापडलं. मुलांना परातीत वाळू धुवायला मिळते. आमच्या व्हॅनमध्ये तीन जागा रिकाम्या आहेत, शाळा कुठली का असेना. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना आधी. विपू (विचारपूस) करा.

दुपारचीझोप | १ फेब्रुवारी

डिंकाच्या लाडवांची तरी कृती द्या.